शिंपीकाकांचा आवाज

३ तारीख, सोमवार
नवी नोकरी, नवं टेबल, वर खिडकीही वाट्याला आली! घशाच्या ऑपरेशनने ज्यांचा आवाज जाणार, त्यांची वाक्यं हे केंद्र आधीच साठवून ठेवतं. मग एक छोटं यंत्र त्यांच्याच आवाजात बोलतं. सर्व्हर माझ्या ताब्यात. भलताच सावकाश गडी! प्रत्येक वाक्य दोन डिस्कवर लिहिल्याशिवाय 'सेव्ह झालं' म्हणतच नाही.

५ तारीख, बुधवार
शिंपीकाका आले, काकूंचा हात धरून. काकूंना दिसत नाही. पुढे काकांनी चिठ्ठ्या लिहिल्या तरी वाचणार कोण? काका म्हणाले, आधी भांडणं घ्या. मी कुरकुरलो नाही तर हिला घास गोड लागत नाही. काकू हसून हसून लाल. पण प्रत्येक वाक्यानंतर ताटकळताना खोकला येऊन काकांचा घसा बसला. एकही वाक्य धड झालं नाही. ऑपरेशन परवा सकाळी.

६ तारीख, गुरुवार
सेटिंग बदललं. आता सर्व्हर आवाज नुसता मेमरीत घेतो, लगेच 'सेव्ह झालं' म्हणतो आणि डिस्कवर संध्याकाळी एकदम लिहितो. आधीच्या साहेबांनी बजावलं होतं, मधे वीज गेली तर मेमरीतलं सगळं जातं. पण बॅटरी आहे की. काकांनी तीनशे वाक्यं एका बैठकीत संपवली! जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.
पाचला, डिस्कवर लिहायच्या आधीच, वीज गेली. बॅटरी दोन मिनिटंही टिकली नाही. सर्व्हर पुन्हा चालू केला, तर तीनशे फायली जागच्या जागी. जीव भांड्यात पडला. उघडून पाहिल्या नाहीत.

७ तारीख, शुक्रवार
काकांना आठ वाजता आत नेलं. मी पहिली फाइल उघडली साडेनऊला. शांतता. दुसरी, तेच. तीनशेच्या तीनशे नुसती नावं, आत काही नाही. आठच्या आधी उघडली असती तर ऑपरेशन थांबवता—
कुणाला सांगितलं नाही.

१७ तारीख, सोमवार
दोघं आले. मी सांगणार तोच काकूंनी हेडफोन चढवला. आणि हसल्या. म्हणाल्या, बोलतायत की! मी घाईने एक बाजू कानाला लावली. काहीच नाही.
मग त्यांचा चेहरा उतरला. विचारलं, हे इतके का घाबरलेत? मला बाहेर काढ म्हणतायत.
काकांनी त्यांचा हात धरला. त्यांनी झिडकारला. म्हणाल्या, हा कुणाचा हात? माझे हे तर आत आहेत.

१८ तारीख
काकू केंद्रातून हलत नाहीत, हेडफोन काढत नाहीत. जेवल्या नाहीत. काका जिन्यात बसून रडतात— आवाज न होता. मी त्यांना सगळं लिहून दिलं. वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

१९
केंद्राच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फायली पुसून टाक, म्हणजे काकू घरी तरी जातील. काकू हात जोडतायत. म्हणतात, पुसू नकोस, आतून हे विनवतायत—
शेवटचं एकदा मीही दुसरा हेडफोन जोडून घातला. शांतता. शांतता.
मग लांबून खोकला. काकांचा. ऑपरेशनआधीचा—
काका माझ्या पाठीशीच उभे आहेत. त्यांना कसं सांगू, की आत तुम्ही अजून—