मोडायची राहिलेली काडी

सावळादादा, तुला आणि आईला गंगीचा रामराम. मास्तरांकडून लिहून घेते आहे. मी बरी आहे.

नवऱ्याने दुसरी आणली. पंचांपुढे माझ्याशी काडी मोडायला बसला, पण मी काडीचं टोक धरलंच नाही. पाटील म्हणाला, काडी मोडली की तू जव्हार संस्थानाची नाहीस. खोडाळ्याला माहेरी, इंग्रजांच्या हद्दीत परत जा; पोर बापाची, ती इथेच राहील.

म्हणून त्या मुडद्याचीच बायको म्हणवून घेते. सवतीचं पाणी भरते, तिची नागली दळते.

आईचा खोकला थांबला का?

मला न्यायला येऊ नको. माहेरचा माणूस दारात दिसला, तर काडी मोडलीच म्हणतील. चिमी रोज विचारते, मामा कधी येणार. काल सांगितलं, मामा मेला.

तुला उदंड आयुष्य मागणारी,
गंगी