झाकणाच्या आतलं कुंकू

बाई, तुमचं ते जुनं मशीन आज नातीने माळ्यावरून खाली काढलं. भंगारवाला दारात उभा होता. नात म्हणाली, "आजी, देऊन टाकू? अख्ख्या बेलवलीत असला डबा आता कोणाकडे आहे?" मी म्हटलं, "माझ्याकडे आहे. ठेव खाली." ती फणकारली, भंगारवाला हसत निघून गेला, आणि मी लिहायला बसले. माझी चौथी तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ काढत बसू नका.

तुमच्या कॉम्प्युटर क्लासात मी केर काढायला आणि चहा करायला होते. बटणं पुसता पुसता तुम्हीच मला ती ओळखायला शिकवलीत. मग त्या नवरात्रात तुम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनच्या सिंधी दुकानदाराकडून चार नव्या चिपा आणल्यात. झाकण काढून स्वतः बसवल्यात, जम्पर म्हणतात ती बारकी टोपी एका खुंटीवरून काढून दुसरीवर चढवलीत, आणि पडद्यावरच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅश चालू केलीत. मी विचारलं, हे कशाला? "अगं, तुझा मिसळणाचा डबा कुठे असतो?" शेगडीजवळ. "आणि वर्षाची हळद?" माळ्यावर. "दर फोडणीला माळ्यावर चढलीस तर?" जेवणारे उपाशी मरतील, मी म्हटलं. "तेच. कॅश म्हणजे मशीनचा मिसळणाचा डबा." शाळेत कोणी असं सांगितलं असतं तर माझी पाचवी झाली असती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी कोयत्याच्या पात्याला कुंकू लावतात, मुठीला नाही. काम पातं करतं. तुम्ही झाकणावर एक ठिपका लावलात आणि शेजारी प्रसाद द्यायला गेलात. मला ते पटेना. नवी सून घरात आणायची आणि कुंकू दाराला लावायचं, असलं ते. मी झाकण काढलं आणि ओल्या हळदीकुंकवाचं बोट चारही नव्या चिपांना टेकवलं. हात जरा सढळ पडला, ओघळ चिपांच्या पायांत उतरला. वरचं पदराने टिपलं, झाकण लावलं. म्हटलं, देवीला पोचलं.

संध्याकाळी तुम्ही बटण दाबता. मी म्हणते, "बाई, पूजेतलं हत्यार आज चालवू नये." तुम्ही म्हणता, "सोमवारी मुलींची परीक्षा आहे. ती काय तुझी देवी घेणार आहे?" पडदा उजळतो, दोन ओळी येतात आणि सगळं जागीच थिजतं. पुन्हा लावता, पुन्हा तेच. तुम्ही झाकण काढता, मीही मागून वाकून बघते. आत काहीच दिसत नाही. चिपेखाली उतरलेलं कोणाला दिसणार? तुम्ही जम्पर काढता, घालता, पुस्तक खिडकीपाशी नेता, चष्मा पुसता, परत जम्पर काढता. "मीच चुकीचा बसवला गं. डोळे गेले माझे." तोंड माझं सासूला, वाण्याला, रिक्षावाल्याला पुरून उरलेलं. तेव्हाच शिवल्यासारखं झालं. मशीन गेलं तर क्लास गेला, क्लास गेला की मी पुन्हा अंबरनाथला कंपनीच्या गेटवर, आज घेतात का नाही म्हणत उभी. डोक्यात एवढंच फिरत होतं.

शेवटी तुम्ही कॅश बंद केलीत. मशीन चाललं, पण दर फोडणीला माळ्यावर चढत. सोमवारी मुली एक बटण दाबायच्या आणि बोटं वर धरून वाट बघायच्या. आता थिजतंय की मग, म्हणून तुम्ही सगळा वेळ टेबलाची कड धरून उभ्या. मी दारात, हातात तुमचा थंड झालेला चहा. परीक्षा कशीबशी पार पडली. मंगळवारी दुपारी तुम्ही जेवायला गेलात, तेव्हा मी चिपा उपसल्या, जुना टूथब्रश आणि कॅसेटचं हेड पुसायचं स्पिरिट घेऊन पाय न् पाय घासला, खाचेला खाच लावून परत बसवल्या आणि कॅश चालू केली. मशीन पळायला लागलं. तुम्ही आलात, बघत राहिलात. "काय केलंस?" "पुसलं." खोटं नव्हतं ते. तुम्ही तुमचा स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात ठेवलात. "माझ्या हातात आता राम नाही. यापुढे तूच उघड." मी घेतला. नको म्हटलं नाही.

त्याच स्क्रूड्रायव्हरवर मी पुढे कॅम्प दोनमध्ये दुरुस्तीच्या बाकड्यावर बसले, पोरं शिकवली. तुम्ही मात्र जाईपर्यंत एकही झाकण उघडलं नाहीत. लांब बसून मला सांगायचात, आणि मध्येच विचारायचात, "बरोबर सांगतेय ना गं?" त्याआधी हे तुम्ही कधी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

जम्पर बरोबर बसला होता, बाई. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकायची हिंमत झाली नसती. मघाशी झाकण काढून पाहिलं. एका खाचेच्या कडेला अजून तांबडी रेघ आहे. नात वाकून म्हणाली, "गंज आहे ना गं, आजी?"

मी हो म्हटलं.