पडवीतल्या तांडेलाचा फोटो

बाबा, दुकानात टेबलावर दोन कॅमेरे पडलेत आणि त्यातला कुठला ठेवून घ्यायचा ते मला शनिवारपर्यंत कंपनीला कळवायचंय. एक चोवीस मेगापिक्सेलचा, दुसरा त्याच्या अडीचपट. आतला सेन्सर मात्र दोघांचा एकाच मापाचा, तुमच्या पस्तीस एमएमच्या फिल्मएवढा. सकाळपासून मी दोन्हींनी त्याच त्या वस्तू टिपत बसलेय: मागच्या खोलीतला काळा पडदा, समोरच्या शिंप्याचं मशीन, माझाच डावा हात. मग कॉम्प्युटरवर मोठं करून बघते, उठते, चहा टाकते, चहा उतू जातो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एका जागी बूड टेकव आधी. टेकवत नाही. आठवडा झाला, टेकवत नाही. आणि ते कॅमेऱ्यांमुळे नाही, हे मला कळतंय, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं.

तुमचा तो मोठा कॅमेरा आठवतो, पोटाशी धरून वरून मान घालून बघायचा तो. सव्वादोन इंचाचा चौकोनी निगेटिव्ह. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडक्यांना कांबळी लावून तुम्ही तिथेच फोटो धुवायचात, आणि आई म्हणायची, सोलकढीला सुद्धा हायपोचा वास येतो या घरात. परातीत तरंगणाऱ्या कागदावर हळूहळू माणूस उमटायचा. आधी केस, मग भुवया, मग डोळे. मला तेव्हा वाटायचं की माणूस पाण्यातूनच येतो. तुम्ही म्हणायचात, पाण्यातून काही येत नाही, उजेड आधीच येऊन बसलेला असतो.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा डिजिटलचं वेड माझ्या डोक्यात शिरलं. कोल्हापूरहून विक्रेता आला होता, त्याने काउंटरवर पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा ठेवला आणि म्हणाला, "काका, आता रोल नको, धुणं नको, वाट बघणं नको." तुम्ही तो उलटापालटा करून बघितलात. त्याने मेगापिक्सेल म्हणजे काय ते समजावलं, पन्नास लाख ठिपके वगैरे. तुम्ही ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "याच्यात फिल्मच्या जागी जे आहे, ते केवढं?" तो हसला. माझ्याकडे बघून म्हणाला, काकांना सांगा तुम्ही. आणि मी सांगितलं, "बाबा, आता मापाला काही अर्थ राहिला नाही. ठिपके किती, तेवढंच बघायचं."

मला माप माहीत होतं. आदल्या दिवशीच त्याने दिलेलं पत्रक मी कॉलेजच्या पायरीवर बसून दोनदा वाचलं होतं. तो सेन्सर करंगळीच्या नखापेक्षा लहान होता. तुमच्या निगेटिव्हच्या जागेत तसे ऐंशीएक मावले असते. हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही तो कॅमेरा घेतला नसतात आणि मोठा कॅमेरा बदलीत दिला नसतात. मला तो हवा होता. म्हणून मी गप्प बसले, ते पत्रक दप्तरातच राहिलं.

तरी तुम्हाला काहीतरी जाणवलंच होतं. विक्रेता गेल्यावर तुम्ही म्हणालात, "आंब्याच्या पेटीसारखंच असणार हे. पेटी तेवढीच ठेवून चार डझनाच्या जागी आठ डझन बसवायचे म्हटले, तर फळ बारीक घ्यावं लागतं. आणि पेटीच लहान असली तर मग बोलायलाच नको." मी तेव्हा मान उडवली होती. पुढे मी शिकले, पुस्तकं वाचली, आता दर वर्षी कॉलेजच्या पोरांना दोन दिवस शिकवतेसुद्धा. फळ्यावर चौकोन काढते. सगळ्यात मोठा तुमच्या निगेटिव्हचा, मग पस्तीस एमएमचा, मग त्याच्या निम्म्याहून लहान, मग त्याहून लहान, आणि शेवटी मोबाइलमधला, खडूच्या टोकाएवढा. आणि तुमचीच पेटी सांगते त्यांना. कोकणातली पोरं, लगेच समजतात.

पण तुमचं गणित पुरं नव्हतं, बाबा. हे आज सकाळी टेबलावर पुन्हा दिसलं. दोन्ही कॅमेऱ्यांचा पडद्याचा फोटो अगदी ठिपक्यापर्यंत मोठा केला, तर जास्त ठिपकेवाल्यात दाणा जास्त दिसतो, काळ्यात लाल-हिरवी पुटकुळी उठते. पण दोन्ही फोटो एकाच मापाच्या कागदावर छापले की फरक जवळपास मिटतो. फळ बारीक असलं तरी पेटी तेवढीच असेल, तर रस काढल्यावर दोन्हींचा साधारण सारखाच निघतो. खरा फरक पेटीचाच. आणि थोडा ती कधी बनली त्याचा. तेव्हाच्या सेन्सरमध्ये तारांचं जाळं उजेडाच्या वाटेत पुढे असायचं, आता बऱ्याच कॅमेऱ्यांत ते मागे नेलंय. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. तुम्हाला आवडलं असतं. तुम्ही वाद घातला असतात.

आता ज्याच्यामुळे बसवत नाही, ते लिहिते.

खाडीपलीकडच्या काळबादेवीच्या तांडेलाकडचं लग्न तुम्हाला आठवत असेल. नव्या कॅमेऱ्याचं पहिलंच मोठं काम. तो माणूस दिवसभर फोटोत आलाच नाही. होडीवर पंधरा खलाशी हाकणारा माणूस, पण कॅमेरा दिसला की पंगतीकडे पळायचा. पाठवणीच्या वेळी ऊन गेलं होतं. तुमचा गुडघा धरला होता, तुम्ही मांडवात खुर्चीवर बसलात आणि कॅमेरा माझ्या हातात दिलात. सगळी माणसं नवरीभोवती, आणि मला तो दिसला. पडवीत, खांबाला पाठ लावून, डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा. रडत नव्हता. नुसता बघत होता. फ्लॅश तिथवर पोचला नसता, आणि पोचला असता तर तो पळाला असता. मी फ्लॅश बंद केला, कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद जेवढी ताणता येईल तेवढी ताणली आणि एक फोटो काढला. माझ्या मते तो माझ्या आयुष्यातला पहिला खरा फोटो होता.

कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा चेहऱ्याच्या जागी डाग होते. खांब कळत होता, टोपी कळत होती, एक कान कळत होता. मी म्हणाले, "थांबा, ब्राइटनेस वाढवते, येईल." तुम्ही माझ्यामागे उभे होतात. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "जे आलंच नाही ते कुठून वाढवशील? एवढं शिकलीस, मला फसवलंस ते फसवलंस, स्वतःला नको फसवू." म्हणजे तुम्हाला कळलं होतं. कधी कळलं, कसं कळलं, मी विचारलं नाही, तुम्हीही तो विषय पुन्हा काढला नाहीत.

तांडेलाच्या घरचे आल्बम बघून नाराज झाले. संध्याकाळचे सगळेच फोटो डागाळलेले. तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "माझा हात हलला. नवीन कॅमेरा, नजर पण आता पूर्वीसारखी नाही." ते गेल्यावर मी भांडले तुमच्याशी. तुम्ही म्हणालात, "पोरीने काढले म्हटलं तर उद्या तुला कोणी लग्नाला बोलावणार नाही. मला काय, माझं झालंय आता." त्याच हंगामात होडीचं इंजिन बंद पडलं, वारं फिरलं, आणि तांडेल परत आला नाही. बाकीचे आले. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

त्या माणसाचा दुसरा फोटो नाही. निवडणुकीच्या कार्डावर होता, पण तो बघून आपण कोण ते त्याला स्वतःलाही कळायचं नाही, असं त्याची मुलगी, तेव्हाची नवरी, म्हणते. ती दर दोन-तीन वर्षांनी येते. ओली पिशवी बाहेर ठेवते, स्टुलावर बसते आणि विचारते, "ताई, आता काय नवीन निघालंय काय?" मी नाही म्हणते. ती जाते. या खेपेला तिच्या मुलीचं लग्न ठरलंय. मांडवात आजोबाचा फोटो लावायचाय. आणि या खेपेला नवीन निघालंय, हे तिलाही मोबाइलवरून कळलंय.

मी फोटो त्या नव्या एआयच्या प्रोग्रॅममध्ये टाकला. जेमतेम दहा सेकंद लागले, बाबा. डागांमधून चेहरा आला. डोळे, नाक, मिशा, कपाळावरच्या दोन रेषा, डोळ्यांत ओल सुद्धा. परातीत यायचा तसा नाही, एकदम. ती पुढे वाकली आणि स्क्रीनला हात लावला. "हाच," म्हणाली. "हाच माजा बापूस." आणि पदर तोंडाला लावून बसली. मी मोठा छापून ठेवते म्हणाले, ती तयारीला निघून गेली.

तेव्हापासून हे चाललंय. मी स्वतःशी भांडते. एक मन म्हणतं, तुझा चांगला कॅमेरा तरी काय करतो? सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्याला एकच रंग दिसतो, कुणाला हिरवा, कुणाला लाल, कुणाला निळा. उरलेले दोन तो शेजाऱ्यांना विचारून भरतो. म्हणजे प्रत्येक फोटोत अर्ध्याहून जास्त रंग अंदाजाचा. तुझ्या आल्बममधल्या सगळ्या नवऱ्यांचे शेले अंदाजाचे. मग याच एका चेहऱ्याला खोटं का म्हणतेस? दोन दिवस मला याचं उत्तर सापडेना. फिरायला मांडवी बंदरापर्यंत गेले, न बसता परत आले. मग वाटलं, शेजारचा ठिपका निदान त्या मांडवात होता. त्याच संध्याकाळचा उजेड त्याच्यावर पडला होता. हा चेहरा ज्या लाखो चेहऱ्यांवरून केलाय, त्यातला एकही त्या पडवीत नव्हता.

काल ती फोटो न्यायला आली. मी दोन्ही प्रिंट टेबलावर ठेवले आणि सांगितलं. मोठ्या शब्दांत नाही. म्हटलं, अगं, कॅमेऱ्यात तेव्हा जेवढा उजेड शिरला तेवढा या डागांच्या फोटोत आहे. दुसऱ्यातला चेहरा मशीनने बनवलाय. असा असेल, असं धरून.

ती दोन्हींवर वाकली. मग मशीनच्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "मंग ह्यो कोन?"

"कोणी नाही."

"कोनाचाच बापूस नाय?"

"नाही."

तिने तो प्रिंट उलटा घातला, हळूच, एखाद्याला वाईट वाटू नये तसा. दुसरा उचलून खिडकीशी नेला. टोपी धरलेल्या हातावर अंगठा फिरवत राहिली. मी म्हणाले, लगेच ठरवू नकोस, मांडवात लोक बघणार, नातवंडं बघणार, हवा तर दुसराही ने, माझी हरकत नाही. मला खरंच कळत नव्हतं की तिने काय करावं असं मला वाटतंय.

"ह्यो मोठा करून दे," ती म्हणाली.

"डाग आणखी दिसतील."

"दिसूंदेत. उभा तसाच ऱ्हायचा त्यो." मग फोटो माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "मी काय रागाने नाय बोलत, ताई. तुझ्या बाबांचा हात हलला असंल. म्हातारा मानूस, उभ्याने दिवस काढलान त्यांनी. त्यांना मी कधी बोल लावला नाय."

मी सेन्सर सांगितला होता, उजेड सांगितला होता, मशीनने काय केलं ते सांगितलं होतं. एवढं सगळं खरं बोलून झाल्यावर एकच वाक्य राहिलं होतं, की तो फोटो मी काढला होता. ती उठली, पिशवी घेतली, दारात वळून "येते" म्हणाली. वीस-बावीस वर्षांत मी या तालुक्यात किती लग्नं केली असतील, बाबा, आणि त्यातलं पहिलं बोलावणं तुमच्या त्या खोट्यावर आलं.

"ये," म्हणाले मी. आणि मला बरं वाटलं.