आईला वर काढलं

पेत्रोखोरी,
१० जून १९८४

प्रिय लाम्ब्रो,

तू आणि मुलं खुशाल असाल. मी बरी आहे. यंदा चेरी भरपूर आल्या. निम्म्या पाखरांनी खाल्ल्या, उरलेल्यांचा मुरांबा केला. डोंगरावरच्या जैतुणांच्या शेताचा दगडी बांध हिवाळ्यात ढासळला होता, तो मीच पुन्हा रचला. शेळीला दोन करडं झाली.

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही. कालच्या दिवसाची वाट पाहत होते.

काल मृतांचा शनिवार होता. आईला जाऊन सात वर्षं झाली, म्हणून आपल्या रीतीप्रमाणे तिची हाडं थडग्यातून वर काढली. वासिलोआत्यानंच खणलं, सत्तरी उलटली तरी कुदळ दुसऱ्याच्या हाती देत नाही. मला मात्र भीती वाटत होती. आपल्याकडचं बोलणं तुला ठाऊक आहे : मनात राग धरून गेलेल्याची हाडं काळी निघतात. तू ऑस्ट्रेलियाला निघालास तेव्हा आईनं आशीर्वाद दिला नाही, दार लावून घेतलं. पुढे तुझं नावही घेतलं नाही. हे आपण दोघांनी कधी कागदावर आणलं नाही.

बराच वेळ खणूनही काही लागेना.

"जिवंतपणी तरी ही हाकेसरशी कधी बाहेर आली होती का?" आत्या म्हणाली. जमलेल्या बायका हसल्या. मीही हसले.

मग डोकं लागलं. आत्यानं हातानं माती पुसली.

"ये गं वहिनी. बरं झालं आलीस."

आणि माझ्याकडे दिलं. मेणासारखं पिवळं, स्वच्छ.

"बघ, कुणावर म्हणून राग नाही हिचा. पोराच्या वतीनं कोण भेटतंय?"

"मीच."

वाइननं धुऊन उन्हात ठेवलं. मग कपाळाला ओठ लावले, एकदा माझ्यासाठी, एकदा तुझ्यासाठी. उन्हानं ते कोमट झालं होतं.

आपली माती चुनखडीची, तिच्यात पाणी साचत नाही, बहुतेकांची हाडं अशीच निघतात, हे मला कळतं. तरी आत्याचं म्हणणं मी खरं धरलं आहे. तूही धर.

आई आता देवळामागच्या खोलीत आहे, बाबांच्या हाडांच्या पेटीशेजारी. काल मला गाढ झोप लागली.

तुला आम्हां दोघींचा आशीर्वाद.

तुझी ताई,
आसिमिना