दीड पानातला देश

मंकायाने, स्वाझीलंड,
रविवार, २१ जून १९९८

प्रिय तेंगेतिले,

तुला, आणि फोटोत तुझी पर्स हातात धरून उभ्या असलेल्या त्या गृहस्थांना नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. गुरं ठीक आहेत, मका घरात आला. थंडी यंदा अशी आहे की सकाळी बादलीतल्या पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ असतो. आत्याचे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. माझी अजून तीच शाळा, तोच पाचवीचा वर्ग, तोच खडू. तुझं पाकीट पोचायला सात आठवडे लागले. पोस्टातल्या बाईने विचारलं, तैवानची तिकिटं काढून घेऊ का? मी म्हटलं, घ्या, मला कुठे तिकडे जायचंय.

उत्तर फोनवर नको, कागदावर दे आणि खाली सही कर, असं तू लिहिलंस. म्हणून आज चर्चला न जाता बसले आहे. तुझं मागणं मी तीनदा वाचलं. तुला लिन यांच्याशी लग्न करायचंय. त्यासाठी तू अविवाहित असल्याचा सरकारी दाखला हवा. सरकार म्हणतं, आधी गावच्या मुख्याची चिठ्ठी आणा. आणि मुख्याच्या पंचांना सात वर्षांपूर्वीची ती पहाट विसरता येत नाही, कारण आमच्या गोठ्यात तुला गेरू लागला होता. गेरू लागला की बाई त्या घरची झाली, मरेपर्यंत. पोरीला काही माहीत नसताना फसवून लावला असं ठरलं तरच पंच तिला मोकळी करतात. तुझ्या आईला बोलायला तोंड नाही, कारण आसवं पुसायची म्हणून वधूच्या आईला देतात ती गाय तिने आमच्याकडून घेतली आणि चार वर्षं तिचं दूध प्यायली. तुझे वडील म्हणतात, जिने नेली तिने सांगावं.

नेली मी. तेव्हा मी पंचांपुढे जाऊन एवढंच म्हणायचं, की तेंगेतिलेला ठाऊक नव्हतं. तीन शब्दांचं काम आहे. त्याचं सांगते, आधी बाकीचं बोलू.

तुझी ती पुस्तिका मिळाली. तुमच्या विद्यापीठात परदेशी मुलांनी आपापल्या देशाची ओळख लिहायची, त्यात स्वाझीलंड तुझ्या वाट्याला आलं. दीड पान. कागद मात्र काय गुळगुळीत. मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. क्षेत्रफळ सतरा हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेनऊ लाख. राजधान्या दोन, कारभाराची म्बाबाने आणि राजघराण्याची लोबाम्बा. ऊस, संत्री, लाकूड. लोक शांत, हसतमुख, पाहुण्यांवर जीव टाकणारे. पुढच्या बाकावरची एक पोर म्हणाली, "बाई, यात गाई कुठे आहेत?" खरंच की. आख्खा देश लिहिलास आणि त्यात एक गाय नाही. दुसरीने विचारलं, "बाई, हे लिहिणारी गोरी आहे का?" मी म्हटलं, "नाही गं, आपलीच आहे. लांब गेली की माणसाला आपलं घर असंच दिसतं."

मग 'रीतिरिवाज' असा मथळा. त्याखाली तुझी एकच ओळ: 'विवाहप्रसंगी वधूस लाल गेरू लावण्याची रंगतदार प्रथा येथे आहे.' रंगतदार हा शब्द मी फळ्यावर लिहिला आणि पोरांना त्याचा वाक्यात उपयोग करायला सांगितला. तुझ्या पुढच्या आवृत्तीसाठी थोडी माहिती मी पुरवते.

ईस्टरची सुट्टी होती. म्बाबानेच्या कचेरीतून तू नवाकोरा पासपोर्ट घेतलास आणि तशीच माझ्याबरोबर बसमध्ये चढलीस. विमानाला पाच आठवडे होते. माझी आई आजारी आहे, तुझी आठवण काढते, असं मी सांगितलं होतं. आपण पोचलो तेव्हा आई अंगणात बिअर गाळत होती, आणि तिचे दंड माझ्या दुप्पट होते. तू तिला म्हणालीस, "आई, बऱ्या झालात तुम्ही." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हो बाई, तू आलीस ना." तुला तेव्हाही शंका आली नाही. वर्गात पहिली येणारी मुलगी, पण माणसाच्या तोंडाकडे बघायला तुला कधी जमलंच नाही.

रविवारी पहाटे आत्याने तुझं पांघरूण ओढलं. "ऊठ गं मासुकूच्या पोरी, गाई बोलावतायत." तू हसलीस. मग चौघींनी तुझा गाऊन काढला, कमरेला चामड्याचा घागरा बांधला, वर काही नाही, आणि तुला गोठ्यात उभं केलं. शेण घोट्यापर्यंत आणि गार. हातात भाला दिला. बायका गायला लागल्या, की तुझ्या बापाने दार लावून घेतलंय, तुझ्या आईने तुझी चटई जाळली, आता रड. नवरीने रडायचं असतं, आणि तुला रडू येईना. तू नुसती एकेकीकडे बघत होतीस. आत्या म्हणाली, "बघा कशी उभी आहे, खांबासारखी. शिकलेल्या पोरींच्या डोळ्यांतलं पाणी पुस्तकं पितात वाटतं." दुसरी म्हणाली, "पाय बघा, बगळ्याचे. हिला नांगर ओढवेल का?" सगळ्या हसल्या. आणि तेव्हा मी तुला दिसले. तू म्हणालीस, "लोमा, यांना सांग ना."

मग तू रडलीस.

तुझ्या या पत्रात तू लिहिलंस की त्या गर्दीत आपला असा एकच चेहरा होता, माझा, आणि मीसुद्धा रडत होते. ही चूक दुरुस्त करायला हवी. मी गात होते. माझा आवाज सगळ्यांच्या वर होता, आत्याने नंतर कौतुक केलं. तुझ्या खांद्यांना, तोंडाला, छातीला गेरू फासताना मी तुझा डावा हात धरला होता, तो तू सोडवून घेऊ नयेस म्हणून. तुला वाटलं मी धीर देतेय.

दुसरी चूकही याच वेळी काढून टाकू. तू लिहिलंस, अकराव्या दिवशी कुंपणाबाहेर कोरफडीच्या झुडपाखाली तुझे बूट आणि पासपोर्ट मी ठेवला, म्हणून तू पळू शकलीस, आणि ते उपकार तू जन्मभर विसरणार नाहीस. वाचून मला बराच वेळ हसू आवरेना. तुझा पासपोर्ट पहिल्याच दिवशी मी मक्याच्या कोठारात पोत्यामागे लपवला होता. तो शोधून बाहेर ठेवला वेलाफीने. हो, माझ्या भावाने, ज्याच्यासाठी तुला गेरू लावला त्याने. त्याने आत्याला फक्त एवढंच म्हटलं होतं की लोमाची मैत्रीण गोड हसते. पुढचं सगळं मी आत्याच्या कानात घातलं. तू झोपडीत भिंतीकडे तोंड करून पडलेली त्याला बघवेना. मी त्याला विचारलं होतं, "बायको पळाली तर लोक काय म्हणतील?" तो म्हणाला, "लोक काय, दोन दिवस बोलतील. ही तर मरेल." तुझा उपकारकर्ता तो आहे. त्याला एक पत्र टाक, तो वाचून घेईल कुणाकडून तरी.

आता तू विचारशील, का? सात वर्षांत तू हे विचारलं नाहीस, याचाच मला राग येतो. शिष्यवृत्तीच्या यादीत एकच जागा होती. तुझं नाव वर होतं. खाली कुणाचं होतं ते तू कधी वाचलंस का? नवऱ्याघरचे लोक सुनेला समुद्रापार धाडत नाहीत, मग जागा खालच्या नावाला जाते. एवढा साधा हिशेब होता. तैपेईच्या पावसाचं तू दर पत्रात लिहितेस, तो पाऊस माझा होता. तू पळालीस त्या दिवशी मी कोठारात बसून पोत्याला डोकं टेकवून रडले, आणि आईला वाटलं मैत्रीण गेली म्हणून रडतेय. तेही खोटं नव्हतं. तुझी आठवण मला येते. वर्गात माझ्या शेजारी बसून तू पेन्सिलीचं टोक चावायचीस, तसं कुणी चावताना दिसलं तर मी त्या पोराला बाहेर उभं करते.

आता तुझं काम.

काल बैठक झाली. मुख्याच्या आवारात, झाडाखाली. पाच पंच, आमच्या घरचे सगळे, तुझे वडील कोट घालून आलेले. आधी वेलाफी उठला. म्हणाला, "माझी हरकत नाही. तिला सोडा. सात वर्षांत मी तिचा आवाज ऐकला नाही, मी कसला तिचा नवरा?" मग त्याची दुसरी बायको लासिमेलाने उठली. ९४ साली ती आली, तीन मुलं झाली, घर तीच चालवते, पण गेरू तुला आधी लागला म्हणून आजही धाकटी. तिने जमिनीला कपाळ टेकलं आणि म्हणाली, "बाबा, तिला मोकळी करा म्हणजे मीही मोकळी होईन." बायका हळहळल्या. पंचही विरघळले होते, तुला खोटं वाटेल. तुझे वडील तर माझ्याकडे बघून मान हलवत होते, जणू काम झालंच.

गामेझे बाबा, पंचांतले सगळ्यांत म्हातारे, मला म्हणाले, "मास्तरीणबाई, तू तिला आणलीस. त्या पोरीला ठाऊक होतं का नव्हतं, एवढंच सांग, आणि आम्हाला जेवायला जाऊ दे."

तेंगे, देवाशपथ, घरून निघताना मी ते तीन शब्दच ठरवून निघाले होते. पण तुझा तो फोटो माझ्या पिशवीत होता. एक माणूस रस्त्यात, लोकांदेखत, तुझी पर्स धरून उभा आहे, आणि तू कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघून हसते आहेस, तुला सवयच झाली आहे त्याची. ते माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

मी म्हटलं, "बाबा, दुसऱ्याच्या मनातलं मी काय सांगू? आदल्या दिवशी गेरू कुणी वाटला, तेवढं आत्याला विचारा."

तुला आठवत असेल. शनिवारी दुपारी मी तुझ्यासमोर दगड ठेवला, गेरूचे खडे ठेवले, आणि म्हटलं, पुढच्या आठवड्यात चुलत बहिणीचं लग्न आहे, जरा हात लाव. तू बाह्या सरसावून बसलीस. मी म्हटलं पुरे, तर तू म्हणालीस, "थांब गं, जाडसर राहिला तर बिचारीला टोचेल." चरबी घालून तूच मळलास. सगळ्या बायका बघत होत्या.

आत्या गुडघ्यांवर हात ठेवून उठली. "हिनेच वाटला की. माझ्या डोळ्यांदेखत. आणि काय बारीक, लोण्यासारखा." दुसऱ्या दोघी म्हणाल्या, हो, आम्हीही पाहिलं. कुणी एक शब्द खोटं बोललं नाही. गामेझे बाबा हसायला लागले. "स्वतःचा गेरू स्वतः वाटणारी नवरी माझ्या जन्मात पहिलीच. आणि म्हणे ठाऊक नव्हतं." मग सगळेच हसले. तुझे वडील हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "लोमा पोरी, चुलत बहिणीचं लग्न होतं ना गं?" मी म्हटलं, "काका, मला चुलत बहीणच नाही." ते टोपी तिथेच विसरून गेले. मी ती आज कुणाबरोबर तरी पाठवीन.

निकाल असा आहे: तेंगेतिले मासुकू ही वेलाफी माविम्बेलाची थोरली बायको, राजीखुशीने आलेली. चिठ्ठी मिळणार नाही. तू तिकडे लग्न केलंस तर इथे ते व्यभिचारात धरलं जाईल, आणि मूल झालं तर ते माविम्बेलाचं. लिन यांना समजावून सांग, शांत स्वभावाचे दिसतात. तू वकील केलास तरी गेरूचा खटला मोठं कोर्टही शेवटी मुख्याकडेच धाडतं.

आणि हे पत्र. वाचता वाचता एव्हाना तुझ्या मनात आलंच असेल, की हिने सगळं कबूल केलंय, खाली सही आहे, हेच पंचांकडे धाडावं. जरूर धाड. त्या पाचांपैकी कुणालाही अक्षर लागत नाही. बैठकीची वही मी लिहिते, आणि बाहेरून आलेला प्रत्येक कागद त्यांना मीच वाचून दाखवते.

वहिनी, थोरलेपणाचा मान राखून नमस्कार करते.

आपली नणंद,
लोमासोन्तो माविम्बेला