पाचवी चिठ्ठी

३ तारीख, सोमवार
आले बाई एकदाची! खोली दवाखान्याच्या मागेच आहे. दाराबाहेर धुतलेल्या चादरी वाळत असतात आणि नळाला चक्क गरम पाणी येतं. आईला फोनवर हे सगळं सांगितलं, पण तिला पाण्याचं कौतुक नाही. नव्या जागी तोंड आवर, एवढंच तिचं म्हणणं. आधीच्या नोकरीत वरिष्ठांशी भांडून बाहेर पडले, ते तिच्या मनातून जात नाही.

इथे भांडायला वावच दिसत नाही. मोठे डॉक्टर, इतर तिघे आणि पाचवी मी. रोज अकराला सगळे गोल टेबलाशी बसतात. निर्णय अवघड असेल त्या पेशंटबद्दल प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहून स्टीलच्या ट्रेमध्ये टाकायचं. पाचही चिठ्ठ्या जुळल्या की उपचार सुरू. नाहीच जुळल्या तर, असं मी विचारलं. मोठे डॉक्टर हसून म्हणाले, की हाताची पाची बोटं सारखी नसतात म्हणे, पण आमच्याकडे असतात.

क्लार्कने कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे केला आणि सह्या करून ठेवा म्हणाला, घाईच्या वेळी बरं पडतं. आगाऊ सह्या ठोकायची आम्हा डॉक्टरांची खोड जुनीच. चहा निवायच्या आत पन्नास करून गठ्ठा त्याच्याकडे परत दिला.

५ तारीख, बुधवार
चौघेही डावखुरे! आज मीटिंगमध्ये चार डावे हात एकदम कपाकडे गेले, एकदम खाली आले. मला असं हसू फुटलं की चहाचा ठसका लागला. चौघांनी एकाच वेळी रुमाल पुढे केले.

दुपारी रेकॉर्डच्या खोलीत एक जुनी फाइल चाळली. बापरे, काय भांडणं! समासात चार वेगवेगळी अक्षरं एकमेकांवर तुटून पडलेली. मेट्रनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, की एक डॉक्टर पेशंटशी कधी खोटं बोलायचे नाहीत. दुसरे दयेपोटी सगळं लपवायचे. तिसरे शेवटच्या श्वासापर्यंत झगडायचे, आणि चौथे म्हणायचे, आता त्याला शांतपणे जाऊ द्या. व्यक्ती तितक्या प्रकृती. मग एकदा त्यांचा वाद चालू असतानाच ऑपरेशन टेबलावरचा पेशंट गेला. तेव्हापासून मोठ्या डॉक्टरांनी हा नियम केला.

आताच्या या चौघांतले खोटं न बोलणारे कोणते, म्हणून मी विचारलं. बाईंनी माझ्या हातातली फाइल घेऊन मिटली. मग म्हणाल्या, की आता कोण कोणते ते मलाही ओळखू येत नाही.

७ तारीख, शुक्रवार
चार नंबरच्या कॉटवर एक शिंपीणबाई आहे. मधुमेह, पायाला जखम, अंगठा काळा पडलेला. पण घोट्यापाशी नाडी लागते, तळवा गरम आहे. अंगठा जाईल, पाय वाचेल. मला खात्री आहे. तिचं शिलाई मशीन पायाने चालवायचं, पोट त्याच्यावर. माझा हात धरून म्हणाली, की पाय ठेवा, मी तुम्हाला फुकटात पोलकं शिवून देईन.

अकराला चौघांच्या चिठ्ठ्या निघाल्या: पाय गुडघ्याखाली काढावा. माझी वेगळी. कोणी रागावलं नाही. सोमवारी पुन्हा बघू म्हणाले, आणि चौघे माझ्याकडे मायेने बघत राहिले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

१० तारीख, सोमवार
मी लिहिलं होतं, पाय वाचवावा. स्वतःच्या हाताने लिहिलं, घडी घातली, ट्रेमध्ये टाकली. उघडल्यावर पाचही चिठ्ठ्यांत एकच मत. पाचवीवर माझी सही. अक्षरही माझंच, फक्त डावीकडे कललेलं.

मी ओरडले. ही माझी नाही म्हणून टेबलावर हात आपटला. ते म्हणाले, सुरुवातीला असं होतं. चौघांचा आवाज एकदम आला. शस्त्रक्रिया गुरुवारी.

११ तारीख, मंगळवार
क्लार्ककडे उरलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या परत मागितल्या. तो म्हणाला, कालच नेल्यात की तुम्ही. खोलीवर येऊन कपाट, ट्रंक, सगळं उपसलं. उशीखाली सापडल्या. एकही कोरी नाही. पुढच्या पेशंटांबद्दल, जे अजून दाखलही झालेले नाहीत, त्यांच्याबद्दल माझं मत लिहून तयार.

माझ्या डाव्या हाताच्या बोटांना शाई आहे. मी उजव्या हाताने लिहिते. आयुष्यभर उजव्याच.

१२ तारीख, बुधवार
डावा हात बँडेजने छातीशी घट्ट बांधलाय. मेट्रनबाईंनी पाहिलं, मान फिरवली.

शिंपीणबाईकडे धावत गेले. उठ म्हटलं, दुसऱ्या दवाखान्यात जा, आत्ताच्या आत्ता, तुझा पाय चांगला आहे. ती गोंधळली. म्हणाली, तासाभरापूर्वी तुम्हीच तर येऊन समजावलंत, कागदावर माझी सही घेतलीत. किती गोड बोलत होतात, म्हणाली. डोक्यावरून हात फिरवलात.

मला आठवत नाही. मला काही—
बँडेजची गाठ सुटली आहे. मी सोडली नाही.

आईला फोन लावला. ती खूश. म्हणाली, काल किती शांत बोललीस, अशीच राहा.
मी काल फोन केला नव्हता.

१३ तारीख, गुरुवार
शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. पाचही मतं जुळली होती. पेशंट शुद्धीवर आल्यावर रडली, आम्ही तिची समजूत काढली. नंतर चहा झाला. आमची प्रकृती उत्तम आहे.

उजव्या हाताने लिहितेय, पटकन— काढलेला पाय मी पाहिला, अंगठा सोडून बाकी नखं गुलाबी होती, तो जिवंत— हे कुणाला सापडलं तर सांगा, पाचवं मत वेगळं होतं, मी नाही म्हटलं होतं, मी ना