विहिरीला दिलेला श्वास

३ डिसेंबर
पोचले एकदाची निमोण्यात! दौंडहून निघताना आप्पांची कुरकुर चालूच होती, की रेल्वेतली चांगली नोकरी सोडून पोरगी आता लोकांच्या विहिरींत उड्या मारणार. मारणारच! एका दमात सगळ्यात खोल जायचा देशातला विक्रम सात वर्षं माझ्या, तेजश्रीच्या, नावावर होता. यंदा तो मोडला. जानेवारीत परत घ्यायचाय मला. पोहण्याच्या तलावांना खोली कुठंय? इथं सोपानमामांच्या विहिरीला पाणीच दहा परस, दहा माणसं एकावर एक उभी राहतील एवढं, आणि काय नितळ! उसाच्या फडाशेजारच्या खोलीत मालनमामींनी गादी घालून दिलीय. पिठल्याबरोबर तीन भाकऱ्या हाणल्या.

४ डिसेंबर
बुडीआधी मामींनी विहिरीला हळदीकुंकू वाहिलं, नारळ सोडला. तो तरंगत राहिला. पाण्याकडून काही घ्यायचं तर आधी द्यावं लागतं, म्हणून त्यांनी मलाही काहीतरी द्यायला सांगितलं. मी हसत म्हटलं, माझ्याकडं श्वासाशिवाय आहे काय, तोच दिला जा! मामींचं तोंड उतरलं. काठावर आसं बोलू न्हाई बाई, म्हणाल्या, आणि माझ्या कमरेचा दोर धरून बसल्या.
बुडी मात्र झकास. खाली गेलं की श्वास घे म्हणून छाती आतून धक्के देते, तिथंच मी हरायची. आज एकही धक्का नाही! वर आले तर मामी रडकुंडीला आलेल्या. दोर ओढून हात सोलले म्हणे. मला काहीच जाणवलं नव्हतं.

६ डिसेंबर
आजही धक्का नाही. विक्रम माझाच, लिहून ठेवा! आप्पांना फोन लावला. बोलता बोलता मध्येच आवाज बंद. शब्द तोंडात होते, हवाच नव्हती. मुद्दाम श्वास ओढला तेव्हा पुढचं वाक्य फुटलं. आप्पांनी नेटवर्कला शिव्या घातल्या. मी हसले, पण हसायलाही आधी श्वास ओढावा लागला.

७ डिसेंबर
जेवणानंतर डुलकी लागली. मामींनी थोबाडीत मारून उठवलं. माझे ओठ निळे पडले होते, छाती हलत नव्हती. आता मी ओढला तरच श्वास येतो. विसरले की नाही.
शिरूरला डॉक्टरांना दाखवलं. जागेपणी सगळं ठीक आहे, टेन्शन घेऊ नका, मस्त झोप काढा म्हणाले. झोप!
परतल्यावर विहिरीवर गेले. मोटार बंद, आत कुणी नाही. तरी मधोमध बुडबुडे येत होते. थांबून थांबून, झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तसे. तो माझाच आहे. मला ओळखू येतो.

८ डिसेंबर
मामींनी दुसरा नारळ सोडला. मी हात जोडले, नाक घासलं, चुकले म्हटलं, परत दे म्हटलं. नारळ तरंगला नाही. सरळ तळाला गेला. बुडबुडे तसेच —
झोपायचं नाही. झोपले की मेले.

९ डिसेंबर
रात्रभर मामी समोर बसल्या. मी पेंगले की म्हणतात, घे बाई, घे. तेवढ्यावर चाललंय. गाडी उद्याच मिळतेय, ती आणायला सोपानमामा गेलेत. पुण्यात मोठ्या दवाखान्यात श्वास द्यायचं मशीन असतं. तिथवर पोचले की झोपेन. विक्रम गेला खड्ड्यात. मला जगायचंय.

१० डिसेंबर, दुपार
मामांचा फोन. उसाची ट्रॉली रस्त्यात उलटलीय, गाडी पलीकडं अडकलीय. येतोच म्हणाले.
लिहिलं की जाग राहते. मामीही दोन दिवस टक्क जाग्या. घे बाई. घेतला. घे बाई. घेतला.

बुडबुडे इथवर ऐकू येतात. मोठे झालेत —

मामी गप्प का —

मान कलंडलीय त्यांची. भिंतीला टेकून — झोपल्या. उठावं तर पाय —

हाक मारायला हवी. हाकेला हवा. आधी श्वास ओढ —

कसा ओढायचा — आधी छाती की आधी —

मामी, म्हणा ना. एकदाच. घे बाई, घे बा